सात मिनिटांचा लाल ठिपका

दिवे घालवले, तशी दीडशे माणसं एकदम गप्प झाली.

एरवी हा हॉल म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. दुसरा मजला, खिडक्यांना आतून काळा कागद, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि जिथे कधीकाळी कपाटं उभी होती तिथे भिंतीवर गडद चौकोन. बाकीच्या भिंतीचा रंग उन्हाने पार विटलेला. पण अंधार केला की कुठलीही जागा भारल्यासारखी वाटते, आणि अंधार करण्यात इथली मंडळी वाकबगार होती.

पुढे एका उंच बाकावर ताई आडवी झाली होती. अंगावर पांढरी चादर, आणि चादरीला ओटीपोटाच्या जागी ताटलीएवढं गोल भोक. एक जाडगेली बाई, जिला सगळे ‘पुसणाऱ्या मावशी’ म्हणत, अंधारातच पुढे आली. तिने ओल्या फडक्याने भोकातून उघडी दिसणारी कातडी पुसली, फडकं खांद्यावर टाकलं आणि बाजूला झाली.

"लेप नाही, मलम नाही, राख नाही!" अंधारातून मऊ आवाज आला. "स्वच्छ पाण्याने स्वच्छ केलं, एवढंच. मी काही करत नाही हो. मी डॉक्टर नाही, महाराज नाही. मी उजेडाचा हमाल! तो वरून येतो, मी खाली उतरवून ठेवतो."

लोक कौतुकाने हसले. हमालाचे कपडे मात्र परीटघडीचे पांढरेशुभ्र होते. त्याला सगळे ‘उजेडवाले’ म्हणत.

खट् आवाज झाला आणि बाकावर टांगलेला जांभळा दिवा लागला. चादर निळसर पेटल्यासारखी दिसू लागली. आणि त्या गोल भोकात, डाव्या अंगाला, रक्तासारखा लाल ठिपका उगवला.

"आई गं!" कुणीतरी बाई पुटपुटली.

"बघा, नीट बघा!" उजेडवाले म्हणाले. "यांचे रिपोर्ट मी पाहिलेत का? नाही. उजेडाला कागद वाचायची गरज नाही, म्हणून तर फायली दाराशी टेबलावर ठेवायला सांगतो. पेशीला आठवण असते मंडळी! पेशी दुखावते, रुसते, अंधारात जाऊन बसते. तिला उजेडाने हाक मारायची. जिथे रोग, तिथे उजेड. आणि तोच उजेड रोगाला जाळतो!"

मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली धाकटी दचकली.

धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण. वय पंचेचाळीस, केस निम्मे पांढरे, तरी घरात ती धाकटीच. पोटापाण्यासाठी ती संशोधन करते, आणि तेही नेमकं याच रोगावर, अंडाशयाच्या कॅन्सरवर. असल्या दुकानात ती एरवी पाऊल टाकती ना. आज फक्त ताईसाठी आली होती. पण दचकली ती ठिपका बघून नव्हे. ते शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं. शब्दाला शब्द. वर्षभरापूर्वी, तिच्याच तोंडचं.

ठिपका हळूहळू फिका पडू लागला. लाल, मग विटकरी, मग नुसता डाग. सातव्या मिनिटाला तिथे काहीच उरलं नाही.

"जळाला!" उजेडवाले ओरडले, आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी उभ्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, धाकटीचा हात घट्ट धरला. त्यांचे गाल ओले झाले होते.

"मागच्या खेपेला लिंबाएवढा होता गं," ते म्हणाले. "आज गोटीएवढा. अजून एकदा आलं की संपलंच म्हणाले."

पुसणाऱ्या मावशींनी दुसऱ्या रुमालाने ताईचं पोट पुसलं. मग दिवे लागले. उजेडवाल्यांनी जांभळा दिवा काढला आणि त्याची वायर कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये झपझप गुंडाळली, अगदी सवयीच्या हाताने. धाकटी त्या हाताकडे बघत राहिली. हा हात तिने पाहिला होता.

*

ताईचं पडद्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर आणि शिलाईचं मशीन. पंचवीस वर्षं तिने लोकांच्या खिडक्या झाकल्या. तीन किमो झाल्यावर तिच्या डोक्यावर केस उरले नव्हते, बोटांना मुंग्या येत होत्या, तरी ती मशीनवर बसलेलीच. गुरुवारी तिला दवाखान्यात भरती व्हायचं होतं, शुक्रवारी ऑपरेशन. तिसऱ्या किमोनंतर तीन-चार आठवड्यांत ते व्हायलाच हवं, म्हणजे किमोने आकसलेली गाठ पुन्हा डोकं वर काढायच्या आत बाहेर काढता येते, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं होतं. चौथा आठवडा चालू होता.

"मी नाही जायची," ताई म्हणाली. "कळवून टाकलंय त्यांना."

"ताई, अगं डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तू बघितलंस ना डोळ्यांनी?"

"बघितलं. पण तो उजेड पोटातून आलेला नाही, ताई. तो कातडीवरच आहे. काहीतरी लावलंय."

"पुरावा?"

पुरावा धाकटीपाशी होता. पण तो काढायचा तर स्वतःचं एक पाप आधी बाहेर काढावं लागलं असतं.

ताईने मशीन थांबवलं. "डॉक्टरीणबाई म्हणतात, पोट उभं उघडणार. काय काय काढावं लागेल ते उघडल्यावर कळेल. एवढं सगळं करून वर म्हणतात, खात्री नाही देत. आणि तो म्हणतो, बुधवारी एकदाच या. सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

"ऑपरेशन."

"बोलायला काय जातंय!" ताईचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "आईला तू पाच वर्षं म्हणाली होतीस. मी दाराआड उभी होते. ती विचारत होती, ‘तुझं औषध कधी गं तयार होणार?’ आणि तू म्हणालीस, ‘पाच वर्षांत, आई.’ बिचारीने बोटं मोजली. महिनाभरात गेली. त्याला नऊ वर्षं झाली. माझं दुखणं निघालं तेव्हा मीही विचारलं. काय म्हणालीस?"

"पाच," धाकटी पुटपुटली.

"तुझी पाच वर्षं काही सरत नाहीत गं. तो निदान सात मिनिटांत दाखवतो तरी."

ताईने पुन्हा पायडल हाणलं. जाड काळं कापड सुईखालून सरकू लागलं. धाकटी जिना उतरून रस्त्यावर आली आणि मशीनचा आवाज ऐकू यायचा थांबेपर्यंत चालत राहिली.

*

तिची प्रयोगशाळा तळघरात आहे. तिथे खिडकी नाही. एक मिणमिणता हिरवा दिवा, आणि प्रत्येक बाटलीला चांदीसारखा कागद गुंडाळलेला. कारण तिथली मंडळी ज्या औषधावर काम करतात, ते उजेडाने जागं होतं.

एरवी ते शरीरात गुपचूप पडून राहतं. त्याच्यावर ठरावीक लाल उजेड सोडला की मात्र ते आजूबाजूच्या पेशी मारून टाकतं. ऐकायला झकास. अडचण आहे ती पोचवण्याची. अंडाशयाचा कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर मोहरी सांडावी तसा पसरतो, आणि औषध त्या मोहरीत जाऊन बसतं तसं शेजारच्या चांगल्या आतड्यातही बसतं. मग उजेड सोडला की आतडंही भाजतं. म्हणून औषध चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरायचं, पिशवीवर असा पत्ता चिकटवायचा की कॅन्सरच्या पेशीनेच तेवढी ती आत ओढून घ्यावी. धाकटी अकरा वर्षं हे पत्ते लिहीत होती. कधी पिशवी वाटेतच फुटे, कधी यकृत मधल्यामध्ये ती गिळून टाके, कधी पत्ता बरोबर पण घरात शिरल्यावर पिशवी उघडेच ना. गेल्या दोन वर्षांत उंदरांमध्ये पत्ता बऱ्यापैकी लागू लागला होता. उंदरांमध्ये. माणसाचं पोट अजून लांब होतं.

भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरीही त्या हिरव्या अंधारात एकटी असली की तिला मागच्या स्टुलावर कुणीतरी बसल्यासारखं वाटे. बोटं मोजणारं कुणीतरी. ती मागे वळून कधी बघत नसे. तिथे कुणी नाही हे तिला माहीत होतं, आणि नसण्याचीच तिला भीती वाटे.

गेल्या वर्षी लोकांसाठी प्रयोगशाळा एक दिवस खुली ठेवली होती. खरं औषध दाखवणं शक्य नव्हतं. ते चमचाभर, आणि उजेडात उघडं ठेवलं की खराब. तेव्हा धाकटीने कुंपणावरची हिरवी पानं स्पिरिटमध्ये खलून रस काढला. पानांचा हिरवा रंग जांभळ्या दिव्याखाली लालभडक चमकतो, शाळेतल्या पोरांना दाखवायचा खेळ आहे तो. बाटलीवर तिने प्रामाणिकपणे ‘पानांचा रस’ अशी चिठ्ठीही लावली होती. पण गर्दी जमली, लोकांचे डोळे चमकले, आणि तिने, दुसऱ्या कुणी नाही, तिनेच ती बाटली फिरवली. चिठ्ठी भिंतीकडे गेली. "हे आमचं औषध," ती म्हणाली. "जिथे रोग, तिथे उजेड. आणि तोच उजेड रोगाला जाळतो." टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइलवर टिपलं. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, त्यांनी तिची पाठ थोपटली.

त्या दिवशी रोषणाई लावायला एक लाइटवाला आला होता. मिशीवाला, हसतमुख. संध्याकाळी आवराआवर करताना कोपराभोवती वायर गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं होतं, "मॅडम, हा लाल रंग थोड्या वेळाने उडतो कसा काय?" आणि तिने आनंदाने समजावलं होतं. जोराच्या उजेडात रंगाचे कण मोडतात. चमकणारंच मोडलं, मग चमकणार काय? त्याने मान डोलावली होती. "म्हणजे काही जळत-बिळत नाही, रंगच मरतो," तो म्हणाला होता. हुशार गडी. मिशी काढली, पांढरे कपडे चढवले, झाले उजेडवाले.

सोमवारी सगळे घरी गेल्यावर धाकटीने दार लावून घेतलं आणि पुन्हा पानं खलली. थोडा रस प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत भरून ती तळहाताखाली धरली, वरून जांभळा दिवा. काही दिसलं नाही, उजेड पंजाच्या पार जातच नव्हता. मग फडक्याच्या एका टोकाला रस लावला, कुर्ता वर केला आणि स्वतःच्या ओटीपोटावर, डाव्या अंगाला, ते टोक टेकवलं. दिवा लावला.

लाल ठिपका.

तिनेच लावला होता. आत्ता, याच हाताने. रस कुठल्या पानांचा, दिवा कुठला, सगळं तिला ठाऊक होतं. तरीही तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आईला इथेच झालं होतं, ताईला इथेच. तिला क्षणभर खरंच वाटलं की आत बसलेलं काहीतरी तिच्याकडे बघतंय. पोट घट्ट धरून ती स्टुलावर बसली, आणि ठिपका विटत विटत नाहीसा झाला तेव्हा, काय सांगायचं, तिला चक्क बरं वाटलं! सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती रडली.

ताई मूर्ख नाही, हे तिला तेव्हा कळलं. घाबरलेल्या माणसाला असा ठिपका पुसला जाताना दिसला, तर तो आणखी काय बघायला जाणार?

*

बुधवारी दुपारी हॉल खचाखच भरला होता. ताई बाकावर, चादर अंगावर. दिवे घालवले. पुसणाऱ्या मावशी फडकं घेऊन पुढे आल्या, पुसून मागे गेल्या. जांभळा दिवा लागला आणि वाटाण्याएवढा लाल ठिपका उगवला.

"थांबा," धाकटी म्हणाली. "मला बोलायचंय."

"ए, बसा खाली!" कुणीतरी खेकसलं. भाऊजींनी तिचा दंड धरला. "अगं, आज नको. शेवटचं आहे."

उजेडवाल्यांनी मात्र तिला ओळखलं, आणि गडी जरासुद्धा डगमगला नाही. "या या या! मंडळी, या कोण माहीत आहे? मोठ्या शास्त्रज्ञ आहेत! ऐका." त्यांनी मोबाइल माइकला लावला. अंधारात धाकटीचाच आवाज घुमला, वर्षभरापूर्वीचा, खुशीत आलेला. हे आमचं औषध. जिथे रोग, तिथे उजेड.

"बघा! यांचं शास्त्र बाटलीत अडकलंय, मी ते माणसांपर्यंत आणलं!" टाळ्या वाजल्या.

धाकटीला वाटलं, आत्ता इथून पळावं. मग बाकावरून ताईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. जांभळ्या उजेडात तिचा बिनकेसांचा चेहरा हुबेहूब आईचा दिसत होता.

"त्या बाटलीत औषध नव्हतं," धाकटी म्हणाली. "कुंपणावरच्या पानांचा रस होता. चिठ्ठी लावली होती, ती मी भिंतीकडे फिरवली. लोकांना आवडत होतं म्हणून. मी खोटं बोलले."

हॉलमध्ये कुजबुज उठली. उजेडवाले गोड हसले. "म्हणजे बाई, खोटं तेव्हा बोललात की आत्ता बोलताय?"

"तेव्हा," ती म्हणाली. "आणि तेव्हा वायर गुंडाळत शेजारी तुम्ही उभे होतात. रंग का उडतो ते तुम्हाला मीच सांगितलं."

"हॅ! वेड लागलंय बाईंना."

"असेल. सगळ्यांनी एक काम करा. आपापल्या मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर मूठ घट्ट दाबा. एवढंच करा, मग मला हाकला."

आधी कुणी हललं नाही. मग कोपऱ्यात एक मूठ लाल झाली. मग दुसरी. बघता बघता अंधारात पन्नास-साठ लाल मुठी तरंगू लागल्या, नुसत्या मुठी, माणसं दिसेनात.

"पांढऱ्या उजेडातला लाल तेवढा मांसातून थोडाफार पार जातो, म्हणून बोटं लाल दिसतात. आता यांच्या जांभळ्या दिव्यावर माझा हात बघा." तिने पुढे होऊन दिव्याच्या तोंडावर तळहात दाबला. हात काळा ठिक्कर राहिला. कडेने तेवढा जांभळा उजेड सांडत होता. "जो उजेड माझ्या पंजातून बाहेर येत नाही, तो ताईच्या पोटात इतका खोल जाऊन रोग दाखवून परत कसा येतो?"

"हा सूक्ष्म उजेड आहे!" उजेडवाले आता घाईने बोलू लागले. "स्थूल हाताला तो काय कळणार! श्रद्धा नसली की किरण माघारी फिरतो, कंपनं उलटी होतात, पेशी रुसते..."

"पुसायचं फडकं इकडे आणा बघू," ताई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण दुकानात बायका पडद्याच्या भावावरून भांडायला लागल्या की ती काढते तो आवाज होता. पुसणाऱ्या मावशींनी फडकं पदराआड लपवलं. ताई चादर गुंडाळून उठून बसली.

"पंचवीस वर्षं कापड हाताळतेय मी. चार वेळा तुम्ही मला पुसलंत. आधी मऊ ओलं कापड लागतं, आणि शेवटी एक टोक लागतं, जरा चिकट, जरा गार. पहिल्या दिवसापासून लागतंय. मनात म्हटलं, असेल काहीतरी. मला कळून घ्यायचंच नव्हतं." तिने हात पुढे केला. "द्या ते."

भाऊजी उठले. मावशींच्या हातातून त्यांनीच फडकं ओढून घेतलं आणि ताईच्या हातात दिलं. ताईने ते दिव्याखाली पसरलं. एक टोक लालभडक चमकलं.

"अगं बाई," ताई म्हणाली. "फडक्यालाही कॅन्सर झालाय का हो?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग ताईने ते टोक नवऱ्याच्या कपाळाला लावलं, कपाळावर लाल ठिपका उगवला. स्वतःच्या तळहाताला लावलं, तिथेही उगवला. कपाळ, तळहात, फडकं, सगळं दिव्याखाली तसंच राहू दिलं. तीच सात मिनिटं. तिन्ही ठिकाणचे ठिपके विटले.

"उन्हात पडदा विटतो तसा," ताई म्हणाली. "गिऱ्हाइकाला रोज सांगते मी, अस्तर लावा, नाहीतर रंग उडेल. रंग उडाला म्हणून कापड गेलं का? आहे तिथेच असतं." तिने ओटीपोटावर हात ठेवला. "आहे तिथेच आहे."

"आणि फाइल," भाऊजी सावकाश म्हणाले. "पहिल्या दिवशी फाइल अर्धा तास आत होती. डावी बाजू त्यातच लिहिलीय." कपाळावरचा रस पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही.

कुणीतरी दिवे लावले. बाकामागे उजेडवाले नव्हते, मावशीही नव्हत्या. मागचं दार उघडं होतं. जांभळा दिवा तेवढा बाकावर तसाच जळत होता.

सगळ्यांचे डोळे उघडले असं कुणी समजू नये. निम्मे लोक धाकटीलाच शिव्या घालत जिना उतरले. एक बाई तिला म्हणाली, "चांगलं चाललं होतं, तुमच्या पोटात का दुखलं?" दोघं-तिघं तर त्या जांभळ्या दिव्याखाली, रांगेत, आपला नंबर येईल म्हणून थांबून राहिले.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. "माझ्या बायकोचा ठिपका मागच्या महिन्यात पूर्ण गेला," ते म्हणाले. "औषधं बंद केली आम्ही. म्हणजे... ती आता..."

धाकटीने त्यांचा हात धरला. "काका, आज अजून दवाखाना उघडा आहे. फाइल घ्या आणि थेट डॉक्टरांकडे चला. मी येते तुमच्याबरोबर. उशीर किती झालाय ते मला माहीत नाही, पण उद्यापेक्षा आज बरा."

धाकटी त्यांच्याबरोबर गेलीही. काकांच्या बायकोचं पुढे काय झालं ते इथे सांगत नाही. सांगण्यासारखं नाही. उजेडवाल्याने जाळलं काहीच नव्हतं, पण महिना मात्र खाल्ला होता, आणि त्या रोगात महिना म्हणजे खूप.

*

डॉक्टरीणबाईंनी ताईची तारीख अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, म्हणून गुरुवारी ताई भरती झाली. शुक्रवारी सकाळी तिला आत नेण्याआधी दोघी बहिणींना पाच मिनिटं मिळाली. ताईच्या डोक्यावर हिरवी टोपी होती, हाताला सुई.

"खरं सांग," ताई म्हणाली. "तुझं औषध किती वर्षांत?"

"माहीत नाही."

"तयार होईल तरी का?"

"तेही माहीत नाही, ताई. पत्ता लागतोय हळूहळू. पण माहीत नाही."

ताईने डोळे मिटले. धाकटीला वाटलं, रागावली. पण ताईचा हात चाचपडत आला आणि तिच्या मनगटावर बसला.

"हे आईला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "ती काही बोटं मोजत बसली नसती. तुझ्याशी बोलली असती चार गोष्टी."

मग तिला आत नेलं. पाच तास लागले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या की डोळ्यांना दिसलं तेवढं सगळं काढलंय, पुढे आणखी किमो लागेल, आणि खात्री आजही देता येणार नाही. धाकटीने त्यांचे आभार मानले. खात्री न देणाऱ्या माणसाचे आभार तिने आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून मानले.

त्या वर्षी प्रयोगशाळा पुन्हा लोकांसाठी उघडली. सर जरा नाराज होते. हॉलमधली हकीकत त्यांच्या कानावर गेली होती, आणि धाकटीने आपली चूक लेखी कळवली ते त्यांना अजिबात रुचलं नव्हतं. टेबलावर बाटली होती, आणि तिच्यावर लांबून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘हा पानांचा रस आहे. औषध अजून तयार नाही.’ गर्दी आधीच्या निम्मीही नव्हती. खोलीच्या दाराला नवा काळा पडदा होता, दुहेरी अस्तराचा, ताईने शिवलेला. ताई स्वतः कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. डोक्यावर बोटभर केस उगवले होते, आणि पडद्याची चुणी नीट पडलीय का याच्यावर तिचा डोळा होता.

एक बाई बराच वेळ बाटलीकडे बघत उभी राहिली. छातीशी दवाखान्याची फाइल धरलेली.

"मॅडम," तिने हळूच विचारलं, "हे औषध किती वर्षांत मिळेल हो?"

‘पाच’ हा शब्द सवयीने धाकटीच्या जिभेवर आला. मागे कुणीतरी बसलंय, बोटं मोजायला तयार, असं तिला पुन्हा वाटलं. या वेळी तिने मागे वळून बघितलं. स्टूल रिकामं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आणि कुणी वर्षं मोजून सांगितली, किंवा सात मिनिटांत बरं करतो म्हणालं, तर त्याला विचारा, बाटलीत काय आहे, दिवा किती खोल जातो, आणि माझी फाइल दाराशी का काढून घेता? उत्तर मिळालं नाही तर चालू पडा. तुमच्या ऑपरेशनची तारीख कधी आहे?"

"मंगळवारची."

"ती चुकवू नका," कोपऱ्यातून ताई म्हणाली.